पंगतीतला एक बंद डबा

मुलांनी शाळेत डबे वाटूनच खाल्ले पाहिजेत, हे मी कित्येक वर्षं हिरिरीनं मांडत आले. प्राथमिक शाळेत शिकवताना मधल्या सुट्टीतली अंगतपंगत मला गणिताच्या तासाइतकीच मोलाची वाटायची. कुणाच्या डब्यात भाकरी आणि ठेचा, कुणाच्या डब्यात साजूक तूप लावलेली पोळी, कुणाच्या डब्यात सुकट. एकमेकांच्या डब्यात हात गेला की मुलांना एकमेकांची घरं कळतात, असं मी पालकसभेत सांगायचे आणि आजही मला ते खरंच वाटतं.

यामागे नुसती हौस नव्हती. एका पंगतीत बसून जेवणं ही महाराष्ट्रात सहज घडलेली गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकाच चुलीवरचं जेवली. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या राज्यात एवढं सोसून मुलांना एका रांगेत बसवलं, तिथं ‘डबा शेअर करू नये’ अशी सूचना एखाद्या शाळेच्या डायरीत छापलेली दिसली की मला संताप यायचा. पुन्हा शिवाशिवच आणताय, असं मी तोंडावर म्हणायचे. वाढदिवसाला घरचे लाडू नकोत, फक्त बंद पाकिटातला खाऊ आणा, हा नियमही मला माणुसकी सोडून केलेला वाटायचा.

ॲलर्जीचं कारण कुणी पुढे केलं तर माझं उत्तर ठरलेलं असायचं : हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कुठे असतं! ते अगदीच निराधार नव्हतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत हाँगकाँगच्या मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण सुमारे दीड टक्का दिसलं, तर भारतात, म्हणजे कर्नाटकातल्या मुलांमध्ये, ०.१४ टक्के. हजारात एखादं-दुसरं मूल. पण हजाराचा पट असलेल्या शाळा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यातलं एक मूल माझ्या वर्गात आलं आणि मला ‘प्रमाण कमी’ या शब्दांचा आधार घेता येईना.

दुसरीतली मुलगी. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तिची आई भेटायला आली. म्हणाली, “बाई, हिला शेंगदाणा अजिबात चालत नाही. दाण्याच्या कुटाचा चमचा दुसऱ्या भाजीत बुडला, तरी ती भाजी नाही चालत.” तिनं पर्समधून एक कंपासपेटी काढली. आत कापसात गुंडाळलेल्या ॲड्रेनालिनच्या दोन काचेच्या कुप्या, सुया, सिरिंज आणि डॉक्टरांच्या अक्षरातला डोस. परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही, म्हणून त्या माउलीनं डॉक्टरांकडून कुपी फोडून औषध भरायला शिकून घेतलं होतं. मुलगी तीन वर्षांची असताना एका बारशाला कुणीतरी प्रेमानं तिच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला होता. आधी ती जीभ टोचतेय म्हणाली, मग अंगभर गांधी उठल्या, मग आवाज बसला. पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी चोळा, असं चारचौघींनी सुचवलं. शेजारी राहणाऱ्या डॉक्टरांनी ओळखलं म्हणून निभावलं.

वर्गात तिनं फक्त आपलाच डबा खायचा असं आम्ही ठरवलं, आणि बसायचं मात्र सगळ्यांसोबत रांगेत. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. काही दिवसांनी लक्षात आलं की पोर डबा उघडतच नाही. तिनं डबा उघडला की शेजारच्या मैत्रिणी आपली भाजी तिच्या झाकणात वाढायच्या आणि मग तिला नाही म्हणावं लागायचं. रोज नाही म्हणणं त्या वयात किती जड जातं! एकदा तिनं सांगितलं, “आज माझा उपास आहे.” तर मैत्रिणीनं तत्परतेनं साबुदाण्याची खिचडी पुढे केली. त्यात कूट किती असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. डबा मांडीवर घट्ट धरून ती नुसती मान हलवत राहिली.

त्या दिवशी माझी पंगत मला वेगळी दिसली. वाटून खाण्याचा आग्रह मी धरत होते तो कुणी बाहेर राहू नये म्हणून. आणि त्याच आग्रहामुळे एक मूल रांगेत बसूनही उपाशी राहत होतं.

मग मी वाचायला, डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली. शरीर एखाद्या अन्नाला शत्रू समजतं, पेशींमधून हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतं, श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. हे काही मिनिटांत होऊ शकतं. अशा वेळी ॲलर्जीची साधी गोळी पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनालिन द्यावं लागतं आणि मुलाला चालवत न नेता आडवं ठेवावं लागतं. धाप लागली असेल तर बसू द्यावं. हे मला शिक्षक-प्रशिक्षणात कुणीही सांगितलं नव्हतं. पाकिटातल्या खाऊबद्दलही माझं मत बदललं. आपल्याकडे पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोया, गव्हासारखी धान्यं यांची नोंद देणं बंधनकारक आहे. तीळ मात्र त्या यादीत नाही. अमेरिकेनं तो २०२३पासून यादीत घेतला. घरच्या लाडवावर तर कसलीच नोंद नसते. तो किती मायेनं वळला हे कळतं, त्यात काय आहे ते कळत नाही. कूट दिसतच नाही. काकडीच्या कोशिंबिरीत, मटकीच्या उसळीत, भरल्या वांग्यात, तिळगुळाच्या लाडवातसुद्धा ते मिसळून गेलेलं असतं.

तरी शाळेत शेंगदाण्यावर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. शेंगदाणा हे गरीब घरातल्या मुलाचं प्रथिन आहे. मूठभर दाणे आणि गुळाच्या खड्यावर दुपार काढणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातातून ते काढून घेणं हा दुसरा अन्याय होईल. शिवाय बंदी घातली की सगळे निर्धास्त होतात आणि विचारणं सोडून देतात. भीतीपोटी तान्ह्या मुलांचे शेंगदाणे तोडणंही बरोबर नाही. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. त्या बाळांना आधीपासून तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती, म्हणून अशा बाळांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. अख्खे दाणे मात्र लहानग्यांना देऊ नयेत, ते घशात अडकतात.

आम्ही अंगतपंगत बंद केली नाही. तिचा रिवाज बदलला. आता आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी एकच पदार्थ आणायचा, कधी दाणे न घातलेले पोहे, कधी तूप-मीठ-भात. ती मुलगी आपल्याच घरचं खाते, पण तिच्या डब्यात आणि शेजारणीच्या डब्यात तेच असतं. न मागता कुणाच्या झाकणात वाढायचं नाही, एवढं मुलांना सांगितलं. त्यांनी ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर आत्मसात केलं. वाढदिवसाला केळी किंवा संत्री येतात, सोललं की खाता येतं, कुणाच्या कढईशी संबंध नाही. तेही वर्गात कुणाला वर्ज्य नाही ना, हे आधी विचारूनच. संक्रांतीला आम्ही बोरं आणि उसाचे तुकडे वाटले. गोड बोलायला तेवढं पुरलं.

सहकारी शिक्षकांना आणि पालकांना माझं सांगणं आहे. जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा नाव, पत्ता, रक्तगट लिहून घेताना ‘मुलाला काय चालत नाही’ हेही विचारा आणि ते वर्गाच्या कपाटावर लावा. बदली शिक्षकालाही ते दिसलं पाहिजे. शाळेजवळच्या कोणत्या दवाखान्यात ॲड्रेनालिन ठेवलेलं असतं ते आजच जाऊन विचारून या. आणि दुसऱ्याच्या मुलाच्या हातावर लाडू ठेवण्याआधी त्याच्या आईला एक फोन करा.