पेचकस कोणाच्या हातात?

जिन्याचं वायरिंग शिकवायचा दिवस माझा आवडता. एक दिवा, दोन टू-वे बटणं. खालून लावा, वर जाऊन बंद करा. फळ्यावर आकृती काढली की सगळा वर्ग माना डोलावतो. तीच मुलं लाकडी बोर्डासमोर उभी केली की घाम फुटतो.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायला लागलो तेव्हा मी चार-चारांचे गट पाडायचो आणि गटाला मिळून गुण द्यायचो. दिवे पेटायचे, गुण छान पडायचे. वार्षिक प्रात्यक्षिकात मात्र एकेकट्याला उभं केलं की निम्म्यांना बटणाच्या तीन टोकांपैकी कॉमन टोक कुठलं ते सांगता येईना. मग मी कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायला लागलो. प्रत्येक गटात पेचकस एकाच्याच हातात असायचा. दुसरा तार धरायचा, तिसरा बघायचा आणि मुलगी असेल तर तिच्याकडे वही. ‘तिचं अक्षर चांगलं आहे, सर.’

हाताने शिकावं हे आपल्याकडे नवीन नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाच्या उपयोगाचं खरं काम करत शिकतात. खऱ्या कामाचा धाक मोठा असतो. दार नीट बसलं नाही तर घरमालक बोलतो. आमच्या बोर्डावरचा दिवा कोणाच्याच घरचा नसतो. तो धाक मलाच निर्माण करावा लागणार होता.

वाट दाखवली ती अमेरिकेतल्या रॉबर्ट स्लेव्हिन यांच्या लेखनाने. गटात शिकण्याचा फायदा होतो, पण कधी? यश साऱ्या गटाचं आणि तरी प्रत्येक जण काय शिकला याचा हिशेब वेगळा, तेव्हा. वाचल्यावर वाटलं, हे आपल्याला आधी का सुचलं नाही!

आता वायरिंग झालं की गटाला बाहेर पाठवतो आणि वरच्या बटणावरची कॉमनची तार दोन बटणांना जोडणाऱ्या एका धावत्या तारेशी अदलाबदल करून ठेवतो. हा बिघाड मोठा लबाड. वरचं बटण एका बाजूला असलं की दिवा खालून लागतो नि विझतो; दुसऱ्या बाजूला केलं की खालचं कितीही दाबा, दिवा लागत नाही. आत आलेली पोरं आधी बल्ब बदलतात. मग डब्यातून चिठ्ठी काढायची. नाव येईल त्याने एकट्याने दोष शोधायचा, बाकीच्यांनी हात मागे बांधायचे. गुण मात्र चौघांना तेच. हा नियम लागल्यापासून चहाच्या सुट्टीतसुद्धा एकमेकांना शिकवणी चालते. हुशार मुलं कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

परवा चिठ्ठी निघाली ती वहीवालीची. ज्याने सगळं जोडलं होतं त्याचा चेहरा पडला. तिने सप्लाय बंद केला, वरच्या बटणाच्या तिन्ही तारा सोडवल्या आणि तपासणीच्या सिरीज लॅम्पची टोकं दोन-दोन स्क्रूंना लावून बटण खालीवर करून पाहिलं. ज्या दोघांत बटण कसंही असलं तरी दिवा लागेना, ते धावत्या तारांचे. उरलेला तिसरा कॉमन. त्या स्क्रूवर तिने खडूने ठिपका काढला. मागे हात बांधलेल्या मुलाने काही सांगायला तोंड उघडलं, तर तिने वळून न बघता वही त्याच्याकडे सरकवली.

‘लिहून घे.’