झळ, खारं पाणी आणि रंगीत पानं

२६ मे २०२४, अकोला

नवतपा लागला. उष्णतेमुळे जिल्ह्यात ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावलंय. गच्चीवरच्या उघड्या क्रोटनची पानं कडेनं करपली, पण पूर्वेच्या भिंतीलगतच्या कुंड्या पिवळ्या, शेंदरी, काळपट लाल रंगांनी नुसत्या पेटल्यात. झाड इंडोनेशिया-मलेशियाकडचं. ऊन तिकडेही कमी नाही, मात्र तिथल्या हवेत ओलावा असतो. इथे मेमधली दुपार इतकी कोरडी की पान सोडतं तेवढं पाणी मुळांना ओढवत नाही. आमचे माळीबुवा म्हणतात, "ऊन नाई मारत बाई, झळ मारते." माझंही तेच मत झालंय. लोक घाबरून क्रोटन खोलीच्या कोपऱ्यात नेतात. तिथे ते जगतं, पण नवी पानं हिरवी येतात. उजेडाशिवाय तांबडा रंग धरतच नाही. म्हणून सकाळचं ऊन पोटभर द्यायचं, दहानंतर हिरवी जाळी ओढायची आणि पश्चिमेला तुराट्यांचा तट्टा. पाणी पहाटेच. भरदुपारी कुंडी तापलेली असताना घातलं तर, बुवांच्या शब्दांत, "मुळ्या शिजतीन."

अ‍ॅग्लोनिमा आणि कॅलेडियम घरात, कूलरच्या खोलीत, झोताच्या बाजूला. हवा कोरडी म्हणूनच आपल्याकडे कूलर चालतो, आणि त्याचा दमटपणा नेमका या पानांना हवा असतो. मुंबईच्या दमट हवेत ही खटपट लागत नाही.

१२ जून, दर्यापूर

मावशीच्या ड्रेसीनाची टोकं तपकिरी पडलीत. रोग समजून ती औषध फवारतेय, वर खतही घालतेय. कारण बोअरच्या पाण्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय, आणि इथलं जमिनीखालचं पाणीच खारं. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मुळांवाटे ते पानात चढतात आणि टोकाशी साठून ते जाळतात. त्यात काळी चिकण माती. ओली झाली की पाणी खाली सोडत नाही, म्हणजे क्षार धुऊन जायला वाटच उरत नाही. खत घालणं म्हणजे त्यात आणखी क्षारांची भर.

"मंग झाडं फेकून देऊ काय?" मावशी रागावली.

कशाला फेकायची? टिनाच्या छपरावरचं पावसाचं पाणी ड्रमात धरायचं नि कुंड्यांना तेच द्यायचं. दुपारभर बसून सगळ्या कुंड्या नव्यानं भरल्या: मुरूम, वाळू, कुजलेलं शेणखत, काळी माती अगदी थोडी, तळाची भोकं मोकळी. दारापुढे जांभळा ट्रॅडेस्कॅन्शिया आणि ऱ्हिओ लावले. ही दोन्ही झाडं खारं पाणी बऱ्यापैकी सोसतात, आणि रंगातही कुणाला हार जात नाहीत.

४ ऑगस्ट, चिखलदरा

धुकं. उंची १,११८ मीटर, कॉफीला मानवणारी हवा. एका ओसरीत कोलियस पाहिला, पानं तळहाताहून मोठी, मखमली. अकोल्यात एवढा कधी होत नाही. शेजारचं क्रोटन मात्र फिकट हिरवं, कारण दिवसचे दिवस ऊनच नाही. ज्या झाडाला आमच्याकडे उन्हापासून जपावं लागतं, ते इथे उन्हावाचून आहे. घाट उतरून परतवाडा आलं की हवा पालटली.

१५ डिसेंबर, अमरावती

ताईच्या कॅलेडियमची सगळी पानं लोळली. तहान समजून ती रोज तांब्याभर पाणी घालत होती. ही दक्षिण अमेरिकेतली कंदाची जात. कोरडा ऋतू ती जमिनीत झोपून काढते, आणि इथला रात्रीचा गारठा तिला तोच इशारा देतो. अशा वेळी पाणी म्हणजे कंद कुजवणं. कंद उकरले, सावलीत सुकवले, कोरड्या वाळूत घालून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले.

"मृगात लावू?"

"होळीनंतर रात्री उबदार झाल्या की लाव, ताई. आणि क्रोटनची पानं गार वाऱ्यानं अजून गळतील. छाटणी आत्ता करू नकोस, मार्चमध्ये कर."