जलविहार आणि मुलांचे खेळ

कुटुंबासह जलविहारास निघाल्यावर मुलांनीं व्हिडिओ गेम खेळावे कीं नाहीं? मुंबईहून गोव्यास जातांना आमच्या मंडळींत यावरून वाद झाला. सक्त मनाई आम्हांस रुचत नाहीं. भर दुपारीं डेक तापला असतां खोलींत घटकाभर खेळल्यास बिघडत नाहीं. परंतु सायंकाळीं खांदेरीचें १८६७ सालीं उभारलेलें दीपगृह लुकलुकूं लागलें, तेव्हां आम्ही नातवंडांस वर बोलाविलें. प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय निराळी. तीवरूनच नाविक स्थळ ओळखतो, हें सांगून दोन चमकांमधील सेकंद मोजावयास लाविले. “आजोबा, पुढचा दिवा केव्हां?” असें धाकटा विचारूं लागला. गेम घरींहि मिळतो. समुद्रावरील रात्र क्वचित् लाभते. पालकांनीं यंत्र हिसकावूं नये. कठड्याशीं मुलांसवें उभें राहून मोजावें. मात्र त्या वेळीं वडीलधाऱ्यांचे मोबाईलहि खिशांतच असावेत.