लंगोट सुटण्याआधी

मूल दोन वर्षांचे झाले की घरात एक प्रश्न डोके वर काढतो : याचा डायपर कधी सुटणार? दुकान, पाहुणे, लग्नकार्ये आणि प्रवास यांत गुंतलेल्या एकत्र कुटुंबात डायपर ही मोठी सोय असते. बालवाडीचा प्रवेश जवळ आला की मात्र हीच सोय अडचण वाटू लागते, आणि आठ दिवसांत मुलाला तयार करण्याची घाई सुरू होते.

अशाच एका घरात अडीच वर्षांच्या मुलीसाठी पॉटीचे भांडे आले. ‘आमची मुले वर्षाच्या आत शिकत,’ असे आजीचे म्हणणे. त्यात तथ्य होते. तेव्हा बाळाला दोन पायांवर बसवून ‘शूऽ शूऽ’ करीत. लंगोट ओला झाला की बाळालाही कळे. परंतु त्या पद्धतीत वेळ ओळखण्याचे काम मोठी माणसे करीत. आता मुलीने स्वतः ओळखावे, अशी अपेक्षा होती.

तिला दर तासाला बसवले जाई. चड्डी खराब झाली की कोणी रागावे, कोणी हसे. आठवड्याभरात ती पडद्याआड लपून शी रोखून धरू लागली. चार दिवस शौचास झाली नाही. अखेर बालरोगतज्ज्ञांनी समजावले : भीतीने मूल शी रोखते, रोखल्याने ती कडक होते, कडक झाल्याने दुखते आणि दुखल्याने भीती वाढते. आधी बद्धकोष्ठ घालवायचे ठरले. औषधासोबत पुरेसे पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका सुरू झाल्या. भांडे महिनाभर माळ्यावर गेले.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझलटन यांनी 1962 मध्ये हेच मांडले होते की, शिकवण्याची सुरुवात मुलाची तयारी पाहून करावी. ही तयारी ओळखता येते. मूल दोन तास कोरडे राहते, साधी सूचना समजते, चड्डी खाली ओढू पाहते, ओले झाल्याचे सांगते. बहुतेक मुलांत ही लक्षणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसतात.

मोठ्यांची तयारी मात्र त्याआधीच व्हावी. सहज निघणाऱ्या चड्ड्या घ्याव्यात. मोठ्या कमोडवर बसवायचे असल्यास छोटी बैठक आणि पायांखाली पाट असावा. पाय लोंबकळत राहिले तर जोर देता येत नाही. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा चार-पाच मिनिटे बसवावे. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा आणि ‘शी, घाण!’ हा उद्गार टाळावा. प्रवास, आजारपण किंवा नव्या बाळाचे आगमन असेल, तर थोडे थांबावे. रात्रीचा कोरडेपणा आणखी उशिरा येतो. पाच वर्षांच्या आत अंथरूण ओले होणे हा दोष मानू नये.

शेजारचे मूल आधी शिकले म्हणून आपले मूल मागे पडत नसते. शिकल्यानंतर कोण कधी शिकले, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्या वयात लागलेली लाज मात्र मुलाच्या मनात रेंगाळू शकते.