तिसऱ्या सिलिंडरचा आकडा

फोंड्याच्या त्या घराच्या पडवीत बसून आम्ही दोघांनी जो कागद वाचला, त्यावर अवघे चार आकडे होते : १५०, १४५, १००, १४८. खाली कुठल्याशा गॅरेजचा शिक्का आणि एका ओळीचा निर्णय, 'इंजिन बसले आहे'. मराठीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात वीसएक वर्षे गेल्याने आकड्यांवरून माणसे जोखण्याची वाईट खोड आम्हांला जडलेली आहे. या आकड्यांपुढे मात्र आम्ही निरक्षर होतो.

गाडी होती सॅन स्टॉर्म. १९९०च्या दशकाच्या अखेरीची, गोव्यात घडलेली, दोन आसनांची, उघड्या टपाची. अंग फायबरचे, इंजिन रेनोचे, ११४९ सीसी, ताकद जेमतेम साठ अश्वशक्ती. जाणकार तिला स्पोर्ट्स कार म्हणताना किंचित हसतात. पण एम.ए.च्या वर्षाला असताना मांडवीच्या काठाने ती लाल गाडी जाताना आम्ही पाहिली होती, आणि तेव्हा आम्हां दोघांत मिळून एक सायकल होती. त्यामुळे जाणकारांचे हसू आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

घरच्या बाई सत्तरीच्या. गाडी यजमानांची, ते गेल्यापासून चार वर्षे ती शेडमध्ये झाकून होती. बाईंची अपेक्षा अडीच लाखांची. एका दलालाने हा कागद आणून दिला आणि नव्वद हजार सांगितले. "तुम्हीच बघा काय ते," असे म्हणून त्यांनी तो कागद आमच्यापुढे सरकवला. परक्यापुढे आपलीच उणी बाजू मांडण्याचा हा सरळपणा पाहून आम्ही थोडे ओशाळलोच.

सुदैवाने कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री सोबत होते. त्यांनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला, आणि विचारले, "इंजिन गरम होतं का? अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला होता का? बॅटरी कशी होती?" यातले काहीच कागदावर नव्हते. संदर्भ तोडून दिलेले अवतरण आम्ही विद्यार्थ्याच्या प्रबंधात खपवून घेत नाही. येथे मात्र त्या चार आकड्यांवर आमचा तत्काळ विश्वास बसला होता, हे कबूल केले पाहिजे.

कंप्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते त्याचे माप. इंजिन थंड असेल, थ्रॉटल मिटलेला असेल, किंवा बॅटरी दमलेली असून स्टार्टर संथ फिरत असेल, तर काटा निरोगी इंजिनातही कमीच चढणार. मिस्त्रींनी दुसरी बॅटरी लावून गाडी चालू केली, पंखा फिरेपर्यंत तापू दिली, पेट्रोल पंपाचा रिले काढला, इग्निशन तोडले, चारही प्लग उतरवले. आमच्यापैकी एकाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, दुसरीने वही धरली. प्रत्येक सिलिंडरला सहा-सहा झटके. नवे आकडे आले : १७२, १७०, १२४, १७०.

म्हणजे तीन सिलिंडर धडधाकट. जुन्या कागदावरचे त्यांचे दौर्बल्य तपासणाऱ्याचे होते. मिस्त्री म्हणाले, एकेक आकडा किती मोठा याला फार महत्त्व देऊ नका, आपसांतला फरक बघा. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतो. हाच दाब कोल्हापुरात मोजला असता तर १६०च्या आसपास दिसला असता, कारण तिथे उंचीमुळे हवाच विरळ. आकड्याला गावही असते, हे आम्हांला नवीन होते.

उरला तिसरा. तो खरोखरच कमी होता, सर्वांत वरच्याच्या तीन-चतुर्थांशांहूनही खाली. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले : १२६. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगला वर गेला असता. गेला नाही, म्हणजे दोष वरच्या अंगाला. मग जवळच्या गॅरेजातून कंप्रेसर मागवून, पिस्टन माथ्यावर आणून त्यांनी त्याच भोकातून हवा भरली. ऑइलच्या झाकणाशी कान लावला, शांत. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. थ्रॉटलकडे आवाज नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र बारीक फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. इंजिन थांबते तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. चार पावसाळ्यांची दमट हवा बहुधा तिथूनच शिरून बैठकीवर गंज धरला असावा. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवला की झाले. इंजिन बसलेले नव्हते.

हे सारे मिस्त्रींनी आम्हांला शेडमध्ये, हळू आवाजात सांगितले. बाई आत चहा करत होत्या. आमच्यातल्या एकाचे मत असे की भाव दलालाने पाडला आहे, आपण नाही; लाख-सव्वा लाख सांगितले तरी आपण त्याच्यापेक्षा भलेच ठरतो. दुसरीचे मत असे की जे कळले ते आधी सांगायचे आणि मग भावाचे बोलायचे. तापलेल्या इंजिनाशेजारी उभे राहून आम्ही चहा येईपर्यंत कुजबुजत भांडलो. भांडण निकालात निघाले नाही. चहा आला, आणि जिच्या हातात वही होती तिने ती बाईंपुढे उघडी केली.

बाईंनी दोन्ही ओळी लक्षपूर्वक वाचल्या. "म्हणजे ह्यांनी नीटच ठेवली होती," एवढेच म्हणाल्या. मग अडीच लाखांत एक रुपयाही कमी होणार नाही, असे शांतपणे सांगितले.

आम्ही ते दिले. त्या वर्षी घराला रंग काढायचा होता, तो राहिला. हेडचे काम कोल्हापुरात झाले आणि दिवाळीनंतर मिस्त्रींनी पुन्हा काटा लावला : १६०, १५८, १५६, १५९. वहीतले ते पान फाडून आम्ही फोंड्याला पाठवले. घराच्या भिंतींकडे पाहून आमच्यातला एक अजूनही अधूनमधून सव्वा लाखाचा हिशेब मांडतो.