सावली बसवताना

झाड काढणं कठीण, याविषयी माझ्या मनात शाळेपासून शंका नाही. सावलीचं मात्र तसं नाही. अंगणात कागद पसरला, की जास्वंद आपलं चित्र आपणच काढून देते. आपण फक्त वरून ब्रश फिरवायचा. याला कुणी लबाडी म्हणू नये. चित्रकलेची सुरुवातच माणसाच्या सावलीभोवती रेघ ओढण्यातून झाली, असं प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थानं लिहून ठेवलंय. कॉरिंथच्या एका कुंभाराच्या मुलीनं तर परदेशी निघालेल्या प्रियकराची सावली भिंतीवर रेखून घेतली होती. पण तिच्यापाशी दिवा होता, आणि दिवा जागचा हलत नाही! आमचा सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. पान रंगवून देठाकडे वळावं, तर देठ पुढे निघून गेलेला.

म्हणून आधी जलरंगाचा पातळ हात भराभर मारायचा. वाळला, की बोरूनं शाईच्या रेघा. उलट केलं आणि शाई फाउंटनपेनची असली, तर जास्वंदीचं ढग होतं. रंग निळसर घ्यायचा, कारण सावलीत ऊन नसलं तरी आभाळाचा उजेड पडतोच. ("अहो, जास्वंद निळी कशी?" — सौ.) कागदाजवळच्या पानाची कड रेखीव, उंचावरच्याची पुसट, सूर्य ठिपका नसून चांगली थाळी आहे, त्याचा हा परिणाम. भरदुपारी बसण्यात अर्थ नाही. मेच्या मध्याला तर पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली कुंडीखाली जाऊन झोपते.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी तारीख आणि वेळ टाकतो. दिवाळीतल्या चित्रावर सव्वाआठ आहे, संक्रांतीच्या चित्रावर नऊ पाच. मी आळशी झालो असं सौ.चं मत होतं. खरी गोष्ट अशी, की पूर्वेला बारा मजली इमारत उठते आहे आणि दर स्लॅबला आमच्या अंगणातलं ऊन उशिरा येतं. नववा स्लॅब परवाच पडला.

तेव्हापासून सौ. स्वयंपाकघरातूनच हाक मारते, "अहो, आलं हं!" मी कागद घेऊन धावतो. काल ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जास्वंदीच्या पुष्कळ झाल्या. आता तुळशीची काढून ठेवा."