तूर पेरणाऱ्याला आधी सांगा

व्यापार खुला झाला की गरिबी हटते, या मताचा मी आहे. पण कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गी (पूर्वीचं गुलबर्गा) पट्ट्यातल्या निर्ण्यासारख्या गावाकडून पाहिलं, की प्रश्न खुलेपणाचा कमी आणि वेळेचा जास्त वाटतो. या पट्ट्याची जगाशी गाठ तुरीने घातली आहे. ‘गुलबर्गा तूर डाळ’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथला भाव म्यानमार आणि मोझांबिकच्या मालावरही ठरतो. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि शेतकऱ्याने पुढच्या खरिपात तूर वाढवली. देशाचं उत्पादन २०१५-१६ मधल्या सुमारे २६ लाख टनांवरून वर्षभरात ४८ लाखांपुढे गेलं. त्याच सुमारास मोझांबिकशी आयातीचा करार झाला, बंदरावर मालही येत राहिला, आणि रास झाली तेव्हा क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव बाजारात मिळेना. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. बहुतेकांचा माल तोवर अडतीवर जाऊन पट्टीही झाली होती. २००६ पासूनची निर्यातबंदीही त्याच वर्षी उठली, म्हणजे भाव पडल्यावर. चढत्या भावाचा फायदा घेण्याची मुभा शेतकऱ्याला नव्हती, पडत्या भावाचा तोटा मात्र पूर्ण त्याचा. याला खुला व्यापार कसं म्हणायचं? मोझांबिकच्या शेतकऱ्यालाही त्या मर्यादेने झोडपलं; तिकडे तूर फारशी खात नाहीत, ती भारतासाठीच पेरतात.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: निर्ण्यातला भूमिहीन मजूरही डाळ विकतच घेतो, मग स्वस्त आयात गरिबांच्याच हिताची नाही का? आहे. देशाची गरज देशात भागत नाही, म्हणून आयात बंद करा असं मी म्हणणार नाही. शिवाय आलेली तूर भरडायला गिरणी लागतेच, म्हणजे थोडा रोजगारही येतो. पण त्याच मजुराची मजुरी तुरीच्या खुरपणी-काढणीतून येते. भाव कोसळला की पुढच्या वर्षी पेरा घटतो आणि हाताचं कामही जातं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डॉलर आणि आर्ट क्राय यांनी अनेक देशांची आकडेवारी मांडून व्यापार वाढला की वाढीचा लाभ गरिबांपर्यंतही पोचतो असं दाखवलं. अर्थतज्ज्ञ पेटिया तोपालोवा यांनी मात्र १९९१ नंतरचे भारतातले जिल्हे तपासले. जिथे आयातशुल्क कपातीची झळ जास्त लागली, त्या ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी हळू घटली, कारण माणसं दुसऱ्या धंद्याकडे सहज वळू शकली नाहीत. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात: देशाची सरासरी सुधारते, तरी वळायला पर्याय नसलेला जिल्हा मागे पडतो. आणि इथल्या कोरडवाहू काळ्या रानात पर्याय मोजकेच.

जूनमध्ये पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत हाती येते. मधल्या सहा-सात महिन्यांत शेतकरी पीक बदलू शकत नाही, सरकार मात्र एका अधिसूचनेत धोरण बदलतं. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मुक्त झाली आणि पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. आयातशुल्क शून्य ठेवा किंवा दहा टक्के, पण पुढच्या हंगामाचा दर पेरणीआधी, मे महिन्यातच जाहीर करा आणि रास होईपर्यंत त्याला हात लावू नका.